मदत हवी आहे: कोन-फ्लेअरच्या सांध्यावर एन फॅक्टर उडी मारतोय

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये अडकलोय, हायपरसॉनिकवाले कुणी असाल तर प्लीज बघा. माख 6 चा (आवाजाच्या सहापट वेगाचा) फ्लो, 7 अंश अर्धकोनाचा टोकदार कोन (शंकू) आणि मागे फ्लेअर (जास्त पसरत जाणारा भाग) जोडलाय, भिंत 300 केल्विनला. नुसत्या कोनावर सगळं मस्त जुळतं, बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा मंदावलेला हवेचा थर) साधारण दीड मिलिमीटर, त्याच्या कडेचा वेग 870 मीटर प्रति सेकंद, म्हणजे वेगाला दुप्पट जाडीने भागलं की 290 किलोहर्ट्झ येतात आणि माझ्या कोडमध्येही मॅकचा सेकंड मोड (थरातली वाढत जाऊन फ्लो टर्ब्युलंट करणारी लाट) तिथेच आसपास सगळ्यात जोरात वाढतो. भिंत आणि रिलेटिव्ह सॉनिक लाइनच्या (जिथे लाटेच्या सापेक्ष फ्लोचा वेग आवाजाइतका होतो) मधे कोंडलेला आवाजच तो, श्लिरेन फोटोत (हवेच्या घनतेतला फरक दाखवणाऱ्या) दोरीच्या पिळासारखा दिसतो, मला तर ते चित्र बघतच राहावंसं वाटतं.

घोळ सांध्यापाशी आहे. तिथे फ्लो भिंत सोडतो, छोटा बबल (उलट फिरणाऱ्या हवेचा कप्पा) होतो आणि एन फॅक्टर (लाट किती पट वाढली त्याचा लॉगरिदम) एका पॉइंटवरून दुसऱ्यावर उडीच मारतो, ग्रिड दुप्पट बारीक केली तरी तेच. लोकल पॅरलल फ्लोचं गृहीतक (फ्लो पुढे जाताना जवळपास बदलत नाही असं मानणं) तिथे मोडतं हे कळतंय, म्हणून पीएसई (पॅराबोलाइज्ड स्टॅबिलिटी इक्वेशन्स, हळूहळू बदलणाऱ्या फ्लोसाठीची पद्धत) लावून पाहिलं तर ते बबलच्या तोंडाशीच डायव्हर्ज होतं.

तर सांध्यापुरतं लिनिअराइज्ड नेव्हिअर-स्टोक्स (फ्लोच्या मूळ समीकरणांचं छोट्या लाटांपुरतं सोपं रूप) सोडवून आधी-नंतर जुनाच कोड जोडला तर चालेल का, की पूर्ण डीएनएसच (डायरेक्ट न्यूमेरिकल सिम्युलेशन, मूळ समीकरणं सरळ सोडवणं) लागेल? आणि लाटेची लांबी जेमतेम 3 मिलिमीटर आहे, तेवढ्यात तुम्ही किती पॉइंट ठेवता? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.