इंग्रजी चालीची गीतं मंडळी गात का नाही?

मिरजेची पेटी: चर्चच्या उपासनेत मी पेटी वाजवते. डाइक्स या इंग्रज संगीतकाराची 'निकिया' चाल (पवित्र पवित्र पवित्र वाली) लावली की कॉयर, म्हणजे गायकांचा गट, तेवढा गातो, बाकी मंडळी, म्हणजे जमलेले भाविक, नुसती ओठ हलवते, अन् रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन निघालं की सगळं चर्च दणाणतं. डाइक्स स्वतः पाळक होता ना, मग ही चाल त्यानं कॉयरसाठी केली का मंडळीसाठी?

कृष्णाकाठ: मंडळीच्या पुस्तकासाठीच की ताई. आधी इंग्लंडातल्या डरहम कॅथेड्रलात गायनाचं बघायचा, १८६२ पासून तिथल्याच सेंट ओसवाल्ड चर्चचा पाळक. 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे इंग्रजी गीतांचं पुस्तक १८६१ ला निघालं, निकिया त्यातलीच. चाल अवघड नाहीच ओ, सा सा ग ग प प, मग ध, सगळं एका सप्तकात बसतंय. घोळ पट्टीचा आहे, म्हणजे सा किती उंच धरायचा त्याचा. पुस्तकात चार आवाजांची मांडणी असते, जड आवाजाच्या माणसाला खालची ओळ मिळते, आपल्यात सगळे वरचीच धरतात आणि वरच्या सा ला निम्मे गप्प. पांढरी एक, म्हणजे जरा खालची पट्टी, लावून बघा.

अजिंक्यतारा: पट्टी ठीक, पण तेवढंच नाही. रेव्हरंड टिळक शेवटी आमच्या साताऱ्यातच होते, १९१७ ला मिशनचं काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि १९१९ ला गेले. त्यांचे अभंग-ओव्या लोकांच्या तोंडी बसल्या कारण एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, पुस्तक लागतच नाही. निकियाला अक्षर वाचता वाचता ताल सांभाळायचा, त्यात मराठी शब्दावर जोर भलतीकडंच पडतो, म्हाताऱ्या बायका काय करणार?

वाळव्याचा गडी: ओळ टाकायची पद्धत फक्त आपलीच नाही बरं का. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर डिरेक्टरीत, म्हणजे इंग्लंडातल्या उपासनेच्या नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय की जिथं बऱ्याच जणांना वाचता येत नाही तिथं कुणीतरी स्तोत्र आधी ओळीओळीनं म्हणावं. आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथरचं १५२४ चं गीतांचं पुस्तक म्हणजे जेमतेम आठ गाणी, पण जर्मनमधली, लॅटिन न येणाऱ्यालाही गाता येणारी. त्यामुळं चाल विलायती म्हणून अडतंय हे मला पटत नाही. निकियाची पण ओळ टाका, कॉयरमधला एक खणखणीत आवाज पुढं ठेवा, बाकी कॉयर मागच्या बाकांवर पांगवा.

मिरजेची पेटी: पांढरी एक करते, ओळ पण टाकून बघते. कॉयरला मागं बसा म्हणून सांगायला मात्र तुमच्यातलाच कुणीतरी या.