कस्टमरचा पेन ड्राइव्ह, माउस नुसता लावला तरी ड्रायव्हरमधून कोणी घुसू शकते का?

नंदनवन_झेरॉक्स
नमस्कार मंडळी, माझं नंदनवनला झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर, दिवसभर पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येऊन राहतात, ॲडमिशनच्या दिवसांत तं जेवायलाही वेळ नसतो. ऑटोप्ले कधीचाच बंद केला, अँटीव्हायरस विकतचा आहे, कस्टमरसाठी वेगळं अकाउंट, काही इन्स्टॉल करायचं तं माझा पासवर्ड लागते. मला वाटलं एवढं बस झालं. पण परवा एका पोराने स्वतःचा गेमिंगवाला माउस लावला अन् पासवर्ड न विचारताच त्या कंपनीची सेटअपची खिडकी उघडली, मी लगेच वायर काढली. त्या मशीनवर लोकांचे आधार, मार्कशीट, जातीचे दाखले स्कॅन होतात जी, तेव्हापासून जीव टांगणीला आहे. फाईल उघडलीच नाही तरी काही होऊ शकते का?

फुटाळ्याचा_कोडर
होऊ शकते भाऊ, अन् तुम्ही वायर काढली ते बरोबरच केलं. डिव्हाइस लावलं की फाईली दिसायच्या आधी ते स्वतःची ओळख सांगते, मी कीबोर्ड आहे, कॅमेरा आहे, अमक्या कंपनीचा आहे, याला डिस्क्रिप्टर म्हणतात. ते वाचतो कर्नलमधला, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यातला ड्रायव्हर; ड्रायव्हर म्हणजे डिव्हाइस चालवणारा छोटा प्रोग्राम, अन् गाभ्यात असल्यामुळे त्याला सगळ्या मशीनवर हात टाकता येतो. डिव्हाइसने मुद्दाम वेडीवाकडी लांबी नाहीतर आकडा सांगितला अन् ड्रायव्हरने तपासला नाही, तं मेमरीत भलतीकडे लिहिलं जाते. अँटीव्हायरस फाईली तपासते, हे बोलणं त्याच्यापर्यंत जातच नाही. मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या यूएसबी ड्रायव्हरमधली अशीच चूक दुरुस्त केली होती, त्यात स्क्रीन लॉक असली, कोणी लॉगिन नसलं तरी चालत होतं.

सदरवाला_नेटवर्क
तुमच्या माउसची गोष्ट थोडी वेगळी आहे. नवीन डिव्हाइस दिसलं की विंडोज अपडेट ड्रायव्हर आणते अन् कधी कधी त्याच्यासोबत कंपनीचा इन्स्टॉलरही, तो सिस्टमच्या हक्काने चालतो, म्हणून पासवर्ड विचारत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझरच्या माउसबद्दल हेच बाहेर आलं होतं, इन्स्टॉलर फोल्डर कुठे ठेवायचं विचारायचा अन् त्याच खिडकीतून साध्या अकाउंटवाल्याला सिस्टमच्या हक्काचं पॉवरशेल, म्हणजे कमांड टाकायची खिडकी, उघडता यायचं. विंडोज प्रो असेल तं ग्रुप पॉलिसीत, म्हणजे मशीनचे नियम ठरवायच्या सेटिंगमध्ये, डिव्हाइस इन्स्टॉलेशन रिस्ट्रिक्शन्स आहे, तुमचे प्रिंटर-स्कॅनर अन् पेन ड्राइव्हचा वर्ग (डिव्हाइसचा प्रकार) सोडून बाकी नवीन काही बसूच द्यायचं नाही. विंडोज होममध्ये ते नाही मिळत, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, डिव्हाइस इन्स्टॉलरखाली डिसेबलकोइन्स्टॉलर्स नावाची किंमत १ करता येते, म्हणजे ड्रायव्हरसोबतचे असले इन्स्टॉलर चालत नाहीत.

मानेवाडा_उबुंटू
विंडोज काढून लिनक्स टाका, विषय संपला.

फुटाळ्याचा_कोडर
नाही भाऊ, असं सांगू नका त्यांना, दुकान आहे त्यांचं. लिनक्समध्ये तं डिव्हाइस जे नाव सांगेल त्याचा ड्रायव्हर आपोआप लोड होते, मग वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या साउंड कार्डाचा असो जो आता कोणी वापरत नाही, अन् असल्याच धूळ खात पडलेल्या कोडमध्ये चुका निघतात. २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव्ह नावाच्या सुरक्षा संशोधकाने सिझकॉलर हे कर्नलमधल्या चुका आपोआप शोधणारं साधन चालवून यूएसबी ड्रायव्हरमध्ये ढीगभर चुका काढल्या. वेबकॅमच्या ड्रायव्हरमधली एक चूक, सीव्हीई-२०२४-५३१०४ (सीव्हीई म्हणजे अशा चुकांना दिलेला नोंद क्रमांक), तं २००८ पासून तिथेच होती, बफर, म्हणजे मेमरीतली राखीव जागा, मोजताना एका प्रकारच्या फ्रेम धरल्याच नव्हत्या पण लिहिताना लिहिल्या जात होत्या. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवलं की सर्बियातल्या एका आंदोलक विद्यार्थ्याचा लॉक असलेला अँड्रॉइड फोन यूएसबी ड्रायव्हरमधल्या असल्याच चुका वापरून उघडला गेला. म्हणून मला हे मनापासून वाटते, लॉक आहे म्हणून निश्चिंत राहू नये.
लिनक्सवर यूएसबीगार्ड नावाचा प्रोग्राम मात्र खरंच चांगला आहे, यादीत नसलेलं डिव्हाइस ड्रायव्हरपर्यंत जाऊच देत नाही. पण तुमच्याकडे रोज नवीन पेन ड्राइव्ह, तेव्हा यादीत नाव न टाकता नुसत्या स्टोरेजच्या वर्गाला परवानगी द्या, कीबोर्ड-कॅमेरा अडवा.

सदरवाला_नेटवर्क
अन् एक मशीन फक्त बाहेरच्या पेन ड्राइव्हसाठी ठेवा, त्यावर दाखले-आधार काहीच नको, स्कॅनर दुसऱ्या मशीनला. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, तेही बघून घ्या.

नंदनवन_झेरॉक्स
खूप आभार भाऊ, कोणी इतकं समजावून सांगत नाही. दोन मशीन होमच्याच निघाल्या, त्यात रजिस्ट्री बदलतो, काउंटरजवळची जुनी आहे तिच्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) अन् यूएसबीगार्ड टाकून ती बाहेरच्यांसाठी ठेवतो, प्रिंटर तिलाच. रविवारी दुकान बंद असते, तेव्हा बसतो. एकच विचारायचं राहिलं, पोरं पेन ड्राइव्हऐवजी फोनच केबलने लावतात, त्यातून फाईल घ्यायची तं कोणता वर्ग चालू ठेवावा लागते?