मुलांच्या माघारी त्यांचे मित्र: अनुभव धागा

माझा मुलगा जाऊन तीन वर्षं होतील. त्याचे मित्र अजून घरी येतात. असा वेळ ज्यांनी घालवला, किंवा ज्यांना तो सोसला नाही, त्यांनी इथे लिहावं. सुरुवात मी करते.

आमच्याकडे (मालवणजवळ) गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगलेली, फळाफुलांनी सजवायची लाकडी चौकट) तोच बांधायचा. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी चौघं न सांगता आले. आंब्याचे टाळे, शेरवडं, हरणं, तेरडा अशी रानफुलं-पानं, नारळ, सुपारीचं शिपटं, सगळं घेऊन. मी कवंडाळ (रानातल्या वेलीचं फळ) कडेला धरलं तर एक जण म्हणाला, "काकी, तो कवंडाळ मधीच बांधी." मला माहीत नव्हतं. दरवर्षी मी त्या वेळी चुलीपाशी असायचे ना.

मग त्यातल्या एकाने सुतळीला तीन वेढे दिले आणि उरलेलं टोक दाताने तोडलं. अगदी तसंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "दातान तोडू नको रे मेल्या, कोयती घे!" सगळे गप्प. त्याने कोयती मागितली, पण मान काही वर केली नाही. त्या रात्री चौघंही जेवून गेले. काळ्या वाटाण्याची उसळ पुरली नाही, याचं मला किती बरं वाटलं!

दापोली
मुलगी जानेवारी २०२० मध्ये गेली. ३ जूनला निसर्ग वादळात पोफळीची बाग आडवी झाली आणि मी ती तशीच टाकली. कशासाठी उभारायची? आठ दिवसांनी तिच्या गावातल्या मैत्रिणी आणि दोन मुलगे कोयते घेऊन हजर. दुपारी पेज पिताना कळलं, की अकरावीत तिचा एक विषय राहिला होता आणि तिने मला पत्ता लागू दिला नव्हता. किती दिवसांनी मी हसलो! तेव्हा लावलेल्या रोपांपैकी काहींना आता पोय (फुलोरा) आली आहे.

गुहागर
मला नाही जमलं. मुलं ओटीवर बसलेली असायची आणि मी मागीलदारी. एकाच्या लग्नाची पत्रिका आली, गेले नाही.

रत्नागिरी
मी मित्राच्या बाजूने लिहितो. आम्ही दोघं एकाच होडीवर. तो समुद्रातच गेला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मी जाळं विणायला त्याच्या आईच्या पडवीत बसतो. तिला बरं वाटावं म्हणून एकदा त्याची एक गोष्ट थोडी रंगवून सांगितली. ती म्हणाली, "तो असं करायचा नाही. खरं सांग." तेव्हापासून खरंच सांगतो. त्याचं चुकलेलंसुद्धा.

धागाकर्ती
गुहागरच्या ताई, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या मुलाच्या एका मित्राच्या लग्नाला मीही गेले नव्हते. नवरा-नवरी दोघं चार दिवसांनी पाया पडायला आली, तेव्हा ओटी भरली. रत्नागिरीच्या दादा, जात राहा.

यंदा एक अडचण आहे. कवंडाळाचा वेल कुठे आहे ते माझ्या मुलालाच ठाऊक होतं. दोन वर्षं बाजारातून आणलं. उद्या सकाळी पोरांबरोबर मीही रानात शोधायला जाते आहे.