कोणी गेल्यावर तुम्हाला परत उठवलं कशानं? (अंतराळातले किस्सेही चालतील)

कारेलीबागची_काकी
नातीला शाळेत 'अंतराळातली संकटं' असा प्रकल्प आलाय. काल पुण्याहून व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवत होती, मी मेथी निवडत होते. इटलीचा अंतराळवीर लुका परमितानो. 16 जुलै 2013 ला अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना हेल्मेटमध्ये मागून पाणी यायला लागलं. तिथे वजनच नाही, मग पाणी खाली जाणार कुठे? डोक्याला चिकटून पुढे सरकलं. डोळे गेले, कान गेले, नाकात शिरलं. त्यात सूर्य मावळला. मग कमरेच्या दोरीची ओढ कुठून लागते ते अंदाजाने धरत दारापर्यंत आला. हेल्मेटमध्ये दीड लिटरच्या आसपास पाणी होतं म्हणे!

माझी मेथी तशीच राहिली. 2024 चा ऑगस्ट आठवला. हे मार्चमध्ये गेले आणि जन्माष्टमीला विश्वामित्री नदीचं पाणी घरात. तळमजला, लाइट नाही, मुलगा-सून पुण्यात. खरं सांगते, पाणी उंबऱ्याच्या आत आलं तरी मी पलंगावर बसून होते. म्हटलं येऊ दे. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून जागृतीबेन ओरडल्या, "काकी, सिलिंडर तरंगेल, रेग्युलेटर काढा पहिला!" आणि उठले. रेग्युलेटर काढायला उठले, जगायला वगैरे नाही. मग यांच्या पेन्शनची फाईल, मग देव. देव तिसरे, हसा.

तुमचं लिहा.

मांडवीचा_मन्या
काकी मगर आली होती का तुमच्याकडे? आमच्या मावशीच्या पार्किंगमध्ये होती. वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळी सोसायटी गॅलरीत. एक जण तर तिला बिस्किट टाकत होता 🤦

कारेलीबागची_काकी
मगर नाही रे, बेडूक मात्र देव्हाऱ्यापर्यंत.

टोरांटोतली_बडोदेकर
बाबा गेले, एप्रिल 2021. तिकीट मिळेना, मिळालं तर परत यायची खात्री नाही, पोरगा दीड वर्षाचा. सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं, मधेच नेटवर्क गेलं तर भटजींचा आवाज तेवढा येत राहिला.
अंतराळवीर डॅनियल टानीचं तेव्हा वाचलं होतं. डिसेंबर 2007 मध्ये तो स्थानकावर असताना त्याची आई रेल्वे फाटकावर अपघातात गेली. यान फेब्रुवारीत येणार, तोवर खाली यायची सोयच नाही. जानेवारीच्या शेवटी पेगी व्हिटसनबरोबर बाहेर जाऊन सौरपंखाची बिघडलेली मोटर बदलून आला. मीही दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग घेतली. नणंद म्हणाली, दगड आहेस. असेन. पण ती एक्सेल शीट नसती तर मी त्या दिवशी काय केलं असतं ते मलाच माहीत.

सयाजीगंज_78
विषय चांगला आहे पण आपल्या दुःखात अंतराळवीर कशाला? त्यांना वर्षानुवर्षं ट्रेनिंग असतं. आपल्याला कोण देतं?

रिटायर्ड_इंजिनियर
सयाजीगंज, ट्रेनिंग होतंच, पण अपोलो 13 या चंद्रमोहिमेत जे घडलं त्याचं नव्हतं. एप्रिल 1970. घरापासून सव्वातीन लाख किलोमीटरवर ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट. मग चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, म्हणजे दोघांसाठी दोन दिवस बेतलेल्या चांद्रयानात, तिघं जण जवळजवळ चार दिवस. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे मुख्य यानातले चौकोनी, चांद्रयानातली जागा गोल! मग पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी, सूटची नळी यांचा जुगाड करून ते बसवले. आणि माझ्या मते खरी गंमत पुढे आहे: ह्यूस्टनवाल्यांनी तोच जुगाड आधी खाली स्वतः करून पाहिला, मग रेडिओवर एकेक पायरी वाचून दाखवली.

सौ. गेल्यावर आठवडाभर आमच्याकडे कुकर लागला नाही. वाफ बाजूने जायची, शिट्टी होईना. जन्म प्रेशर व्हेसलमध्ये गेला आणि घरचा कुकर समजेना. मुलगी बंगलोरला. तिने फोन मांडून स्वतःचा कुकर उघडला, रिंग काढली, पाण्यात घातली, बसवली, मग म्हणाली, "आता तुम्ही करा, बाबा." तीन शिट्ट्या झाल्या. दोघंही फोनवर काही बोललो नाही. भात जरा गिचका झाला होता.

सयाजीगंज_78
शब्द मागे घेतो काका.

ओटल्यावरची
सगळे परत येत नाहीत ना पण. माझा दादा 2003 च्या उत्तरायणाआधी गेला, बावीस वर्षांचा. मांजा पाजून ठेवलेली फिरकी माळ्यावर तशीच. आई रडलीच नाही, सगळे घाबरलेले. 1 फेब्रुवारीला संध्याकाळी टीव्हीवर कोलंबिया अंतराळयान तुटल्याची बातमी. उतरायला सोळा मिनिटं उरली होती. कल्पना चावलाचा हसरा फोटो आला आणि आई जी रडायला लागली ती मध्यरात्रीपर्यंत. बाबा टीव्ही बंद करायला उठले तर म्हणाली राहू दे. रात्री दीडला तिने वरण-भात मागितला.

टोरांटोतली_बडोदेकर
🙏 आता कशी आहेत त्या?

ओटल्यावरची
ठणठणीत. सुनीता विल्यम्स अंतराळातून उतरली त्या पहाटे साडेतीनला आम्हाला सगळ्यांना उठवलं. 8 दिवसांसाठी गेलेली बाई 286 दिवसांनी आली आणि आमच्या मातोश्रींचा प्रश्न, "एवढे मोकळे केस, विंचरत कशी असेल गं?"

मांडवीचा_मन्या
😂😂 आजीला माझा साष्टांग

नवीन_आयडी
मला अजून लिहिता येत नाही. दिवाळीनंतरचं आहे. फक्त वाचतेय सगळं.

कारेलीबागची_काकी
नको लिहूस बाळ. जेवलीस का?

नवीन_आयडी
चहा घेतलाय.

कारेलीबागची_काकी
चहा म्हणजे जेवण नव्हे. मेसेज कर मला, कुठे राहतेस ते सांग. बडोद्यातच असशील तर डबा पाठवते, मेथीची भाजी आहेच.

मांडवीचा_मन्या
काकी मीही दुःखी आहे, सेव उसळ पाठवा 😌

कारेलीबागची_काकी
तुझ्या आईचा नंबर आहे माझ्याकडे.

समा_रोड
काका, कुकरच्या रिंगवरून आठवलं, आमची पण ढिली झालीये. मंगळ बाजारात मिळते का सुटी?

रिटायर्ड_इंजिनियर
मिळते. पण लिटर सांगून घेऊ नका, कंपनीगणिक माप वेगळं असतं. झाकण सोबत न्या.

समा_रोड
बायको म्हणते अख्खा कुकर ने. रविवारच्या गर्दीत स्कूटरवर कुकर मांडीत घेऊन कोण बसणार?

रिटायर्ड_इंजिनियर
झाकण पुरे. पिशवीत घाला.