मदत हवी आहे: पणजीच्या स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) नोंद कुठे सापडेल? (कारेन डोंगर, ब्रह्मदेश, १९११)

नमस्कार मंडळी,

माझी पणजी ब्रह्मदेशातल्या कारेन जमातीतली होती. वसईच्या घरात तिला सगळे नॉबाय म्हणायचे. पणजोबा रेल्वेत नोकरीला, रंगून-मंडाले लाइनवरच्या तौंगू स्टेशनात. मार्च १९४२ मध्ये जपानी तौंगूपर्यंत आले, त्याआधी दोघं दोन लेकरांना घेऊन निघाले आणि तामूच्या वाटेनं चालत इंफाळला पोचले. नॉबायला पुन्हा माहेर दिसलं नाही. पपा सांगतात, ती पडवीत खाली बसून विणायची. मागाचं एक टोक पडवीच्या खांबाला, दुसरं पट्ट्यानं तिच्या कमरेला. आमची बोली ती फर्डी बोलायची, पण रोझरी मात्र शेवटपर्यंत तिच्याच भाषेत.

गेल्या महिन्यात जुनी ट्रंक उघडली. तळाशी एक आखूड, बिनबाह्यांचा काळसर झगा मिळाला. त्यावर लाल दोऱ्याची नक्षी आणि मध्ये टाचलेले पांढरे लांबट मणी. घडीत एक कागद होता, छापील लॅटिन, मोकळ्या जागा शाईनं भरलेल्या. वर ‘बिर्मानिया ओरिएन्तालिस’ (पूर्व ब्रह्मदेश), खाली गावाचं नाव ‘लेइक्तो’, साल १९११, नाव ‘मारिया नॉ’. त्यापुढचं घडीवर फाटलंय. तिचं खरं नाव नेमकं तिथेच गेलं.

तेव्हापासून वाचतेय. पूर्व ब्रह्मदेशाचा धर्मविभाग रोमने १८६६ मध्ये केला आणि मिलानच्या मिशनरी संस्थेकडे सोपवला. १८६८ मध्ये एउजेनियो बिफ्फी आणि त्यांचे तीन सोबती तौंगूला पोचले. सपाटीवर बर्मी बौद्ध वस्ती, आणि कारेनांमध्ये अमेरिकन बाप्टिस्ट आधीपासून काम करत होते, म्हणून हे लोक वर डोंगरात चढले. कारेनांची एक जुनी कथा आहे: देवानं दिलेलं पुस्तक आपण हरवलं, धाकटा गोरा भाऊ ते समुद्रापलीकडून परत आणेल. हे वाचलं आणि नॉबाय आपलं प्रार्थनेचं पुस्तक जमिनीला का टेकू द्यायची नाही ते मला वाटतं कळलं.

आता अडचण. १९५५ मध्ये तौंगू धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) झाला, १९६१ मध्ये तौंजी वेगळं निघालं, १९८८ मध्ये लोइकॉ. मग लेइक्तोची नोंदवही आज कुणाकडे? नकाशात लेइक्तो कायिन (कारेन) राज्यात दिसतं, आणि कायिनची राजधानी फा-आन इथे २००९ पासून आणखी एक धर्मप्रांत आहे. पत्र कुठे पाठवू? तिला स्नानसंस्कार मिलानच्या संस्थेचे फादर, धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) पावलो मान्ना यांनी दिला असेल का? ते याच डोंगरात होते ना? आणि ‘नॉ’वरून तिचं नाव शोधता येईल का? पपांचं आता वय झालंय. त्यांना त्यांच्या आजीचं नाव सांगायचंय, एवढंच.

प्रतिसाद १

ताई, लेइक्तो आजही तौंगू धर्मप्रांतातच आहे. सरकारी हद्द आणि चर्चची हद्द तिथे जुळत नाही. फा-आन यांगोन महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, त्याचा तुमच्या गावाशी संबंध नाही. लोइकॉ म्हणजे कयाह राज्य. हे आपल्याकडच्यासारखंच समजा, वसईतल्या १९९८ आधीच्या नोंदींवर मुंबई महाधर्मप्रांत असतो, म्हणून वही काही मुंबईला गेलेली नसते. वही धर्मग्रामातच (स्थानिक चर्चमध्येच) राहते.

पावलो मान्ना मात्र नव्हेत. ते १८९५ ला तिथे गेले, क्षयानं खंगून १९०७ मध्ये कायमचे इटलीला परतले. १९११ ला त्यांच्याच संस्थेचे दुसरे कुणी फादर असणार. संस्थेचं अभिलेखागार रोममध्ये आहे, तिथे इटालियनमध्ये लिहा. वर्ष, गाव आणि कागदाचा फोटो द्या.

ब्रह्मदेशात थेट पत्र पाठवण्याची घाई नको. त्या डोंगरांनी फार सोसलंय. १९४९ ला कारेनांचं बंड सुरू झालं. १९५० मध्ये कयाहच्या बाजूला फादर मारियो वेर्गारा आणि त्यांचे धर्मशिक्षक इसिदोर न्गेई को लात यांना मारून साल्विन नदीत टाकलं. १९५३ मध्ये दोनोकू या कारेन गावात फादर अल्फ्रेदो क्रेमोनेसी मारले गेले. इसिदोर २०१४ मध्ये म्यानमारचे पहिले धन्य ठरले, एका साध्या धर्मशिक्षकाला हा मान मिळाला याचा मला फार आनंद आहे. वेर्गारा तर महायुद्धात भारतातल्या छावणीत स्थानबद्ध होते. २०२१ पासून पुन्हा लढाई आहे, लोइकॉचं कॅथीड्रल नोव्हेंबर २०२३ मध्ये सैन्यानं ताब्यात घेतलं. तिथल्या फादरांना आत्ता माणसं सांभाळायची आहेत.

प्रतिसाद २

मी तीन वर्षं थायलंडच्या सीमेवर माए सोतला होतो, कारेन निर्वासितांमध्ये. ‘नॉ’ हे नाव नव्हे. स्गॉ कारेन बाईच्या नावाआधी ‘नॉ’ लावतात, पुरुषाच्या आधी ‘सॉ’, आपल्या ‘श्रीमती’, ‘श्री’सारखं. प्वो कारेन असती तर ‘नान’ लिहिलं असतं. डोंगरातल्या इतर कारेन शाखाही ‘नॉ’ वापरतात, त्यामुळे एवढ्यावरून शाखा ठरत नाही, पण प्वो बहुधा नाही. कारेनांना आडनाव नसतं, म्हणून नॉनंतरचे एक-दोन शब्द हेच तिचं पूर्ण नाव. तुमच्या घरानं तिला इतकी वर्षं ‘श्रीमतीबाई’ म्हटलं, पण त्यात मान होता.

झग्यावरचे मणी नीट बघा. ते मणी नसावेत, कसईच्या बिया असतील. लग्न झालेल्या बाईच्या झग्यावर त्या टाचतात. मुली लांब पांढरा झगा घालतात. म्हणजे हा तिच्या लग्नानंतरचा आहे. धुऊ नका, सावलीत उघडा ठेवा.

प्रतिसाद ३

मी आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात वह्या लावण्याचं काम करते. ताई, आधी वसईतच शोधा. कॅथोलिक लग्न जगात कुठेही लागलं तरी वधू आणि वर यांच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायचं असतं, आणि तिथे मूळ नोंदीच्या शेजारी समासात ते लिहितात. पणजोबांचा स्नानसंस्कार वसईतला असेल तर त्यांच्या नोंदीचा समास बघा. वधूचं नाव तिथे असतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचे मनापासून आभार. बिया आहेत! एक सैल झाली होती, तिच्यात दोरा ओवायचं भोक निसर्गाचंच आहे. पपा ती हातात धरून कितीतरी वेळ बसले होते.

काल धर्मग्रामात जाऊन आले. पणजोबांच्या नोंदीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय: तौंगू, १९३१, ‘कुम मारिया नॉ’ (म्हणजे मारिया नॉ हिच्याशी), आणि पुढे दोन शब्द. पहिला ‘प’नं सुरू होतो, दुसरा शाई फुटल्यामुळे मला आणि तिथल्या फादरांनाही लागला नाही. फादरांनी फोटो काढू दिला. जुनं इटालियन किंवा लॅटिन हस्ताक्षर वाचणारं कुणी इथे असेल तर व्यक्तिगत निरोप करा, फोटो लगेच पाठवते. कारेन नावं माहीत असणाऱ्यांनीही बघावं. दोघांनी मिळून वाचलं तर जमेल असं वाटतं.