कडकनाथ अंडी घालेना, वय झालं की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या मागच्या अंगणात पाच कडकनाथ (काळ्या रंगाच्या देशी जातीच्या) कोंबड्या आहेत. तीन वर्षांपूर्वी झाबुआकडून तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या होत्या. (2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, मिळाल्यापासून भाव काय चढलेत!) साधारण सहा महिन्यांच्या झाल्यावर घालू लागल्या. ही जात वर्षाला ऐंशी-शंभरच अंडी देते हे माहीत होतं, त्यामुळे लेयर कोंबड्यांसारखी रोजच्या अंड्याची अपेक्षा नव्हतीच. आणि हो, अंडी काळी नसतात, फिकट बदामीच असतात. शेजारच्या काकू अजून विश्वास ठेवत नाहीत.

पहिली दोन वर्षं छान गेली. यंदा दिवाळीच्या सुमारास पिसं झडली, तेव्हा अंडी बंद होणार हे समजू शकते. पण नवी पिसं येऊन महिना झाला, तरी पाचांत मिळून आठवड्याला दोन अंडी, त्यातही एकाचं कवच पातळ. खुडूक (अंड्यांवर बसून राहणारी) एकही नाही. खाणंपिणं नीट, तुरे मात्र थोडे आक्रसलेत.

सध्या मका, बाजरी आणि उरलेल्या पोळ्या देते. पोळ्या जास्त होतात का? कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा की दाण्यात मिसळावा? थंडीत दिवस लहान म्हणून संध्याकाळी खुराड्यात बल्ब लावून चौदा तास उजेड करावा, की तिसऱ्या वर्षी हे असंच चालायचं? सासूबाई म्हणतात, "आता रस्सा करा." माझी तयारी नाही. कोणाची कडकनाथ चौथ्या-पाचव्या वर्षीही घालतेय का?