'पाय वळवळणे' की 'पाय शिवशिवणे'? रेस्टलेस लेग्जला आपल्याकडे काय म्हणतात?

रातजागी:
नागपूरची आहे, वय ५२. प्रश्न शब्दाचा आहे, पण तो मला आठ वर्षं महागात पडलाय, म्हणून जरा लांबण लावते.

रात्री आडवं झालं की माझ्या पिंढऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. दुखत नाही. गोळाही येत नाही. गोळ्यात पोटरी दगडासारखी होते, इथे ती हाताला मऊच लागते. मुंग्या म्हणावं तर त्या पाय झटकल्यावर निघून जातात. हे मात्र उठून चाललं की थांबतं आणि पुन्हा पडलं की पुन्हा सुरू. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात हे फार उशिरा कळलं. तोवर प्रत्येक डॉक्टरला मी एकच सांगायचे, "पाय दुखतात." मग दुखण्यावर जे मिळतं ते मिळायचं: मलम, कॅल्शियम आणि "वजन कमी करा".

घरात मात्र शब्द होता. एप्रिलमधली रात्र, पावणेदोन वाजलेले, कूलरची घरघर चालू. मी अनवाणी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालत होते, एका फेरीला अकरा पावलं. सासूबाईंनी अंधारातूनच विचारलं, "काहून व, झोप नाही येऊन राहिली?" मी म्हटलं, "पाय नुसते वळवळून राहिले, आई." हे वाक्य मी दवाखान्यात कधीच बोलले नव्हते. तिथे गेलं की आपली भाषा इस्त्री केल्यासारखी होते.

आरोग्याच्या पत्रकांत 'अस्वस्थ पाय' असं वाचलं. ते मला पटत नाही. अस्वस्थ मन असतं, फार तर पोट. तुमच्याकडे काय म्हणतात?

पेठेतला:
आमच्याकडे पाय 'शिवशिवतात'. आई म्हणायची, "पाय शिवशिवतायत, जरा चेपून दे." वळवळतात ते गांडूळ आणि पालीची तुटलेली शेपूट. माणसाच्या पायाला वळवळ म्हणजे जरा किळसवाणं वाटतं.

बाकी 'वळवळून राहिले' वाचून गंमत वाटली. तुम्ही नागपूरकर हिंदीच बोलता, फक्त मराठी शब्द घालून.

बर्डीकर:
आलं का पुणं! 'करून राहिलो'ची थट्टा ऐकून आमचे कान किटले. पण इथे तेच रूप जास्त नेमकं आहे, बघा. 'पाय वळवळतात' म्हणजे वळवळायची सवय आहे. 'वळवळून राहिले' म्हणजे या क्षणी चालू आहे आणि थांबायचं नाव नाही. या दुखण्याला असंच क्रियापद पाहिजे.

कोशात रमणारा:
दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण त्यांची वाकप्रचारांतली भावंडं तपासली पाहिजेत. हात शिवशिवतात ते कुणाला तरी मारायला. जीभ वळवळते ती बोलायला. दोन्हींत अवयव आणि इच्छा एकत्र आहेत, आणि या विकाराचं मुख्य लक्षणही तेच: पाय हलवण्याची अनावर ओढ, विश्रांतीत वाढणारी, हालचालीने थांबणारी, संध्याकाळनंतर जोर धरणारी. पत्रकांत तिला 'हालचालीची तीव्र इच्छा' म्हणतात. पण इच्छा माणसाची असते. इथे माणसाला झोपायचं असतं आणि पायाला चालायचं असतं.

म्हणून मला नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं वाटतं: 'राहवत नाही'. आपल्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. 'मी राहत नाही' नव्हे, 'मला राहवत नाही'. कर्ता बाजूला होतो. 'पाय हलवल्याशिवाय राहवत नाही' हे वाक्य डॉक्टरला सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होईल.

नावाची ओढाताण जुनीच आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये या रोगाचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिलं. १८६१ मध्ये विटमाकने नाव दिलं 'अँक्झायटास टिबियारम', म्हणजे शब्दशः 'नडग्यांची चिंता'. आताचं नाव स्वीडनच्या एकबोमचं, १९४५ च्या आसपासचं. 'नडग्यांची चिंता' मला भारी आवडलं, पण आपल्याकडे कुणी म्हणणार नाही.

काउंटरवरून:
इतवारीत औषधांचं दुकान आहे. माझ्याकडे 'शिवशिव'ही येत नाही नि 'वळवळ'ही. येतो तो 'वात'. "पायात वात भरला, गोळी द्या." वातात सगळंच बसतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

आणखी एक शब्द फसवतो: 'झोपेची गोळी'. झोप येत नाही म्हणून लोक सर्दीची गुंगी आणणारी गोळी मागतात. डायफेनहायड्रामाइनसारख्या औषधांनी ही वळवळ उलट वाढते. उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रामाइडनेही वाढते, नैराश्यावरच्या कित्येक औषधांनीही. म्हणून मी आता विचारतो, "झोप येत नाही, की पडून राहवत नाही?" आधी गिऱ्हाईक वैतागतं. मग थांबून विचार करतं.

रातजागी:
दादा, हा प्रश्न मला आठ वर्षांपूर्वी कुणी विचारायला हवा होता! मी ती सर्दीची गोळी महिनाभर घेतली आहे. रात्रभर डोळे मिटलेले आणि पाय सायकल चालवतायत, असला प्रकार.

आता औषधांच्या शब्दांकडे येते, कारण तिथेही मराठीने मला हात दिला आणि दगाही दिला.

निदान झाल्यावर रोपिनिरोल सुरू झालं, ०.२५ मिलिग्रॅम, झोपायच्या आधी. तिसऱ्या रात्री मी सकाळपर्यंत झोपले. सासूबाई म्हणाल्या, "गुण आला." मी म्हटलं, "लागू पडलं." दोन्ही खरं वाटलं. पण 'लागू पडणे' या शब्दाला मुदत नसते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. दीड-दोन वर्षांत दहाला सुरू होणारी वळवळ पाचलाच सुरू व्हायला लागली. मग दंडांत. मात्रा वाढवली की आठवडा बरा जायचा आणि पुढे अजून वाईट. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला निघाले होते, तर बडनेऱ्यापासून भुसावळपर्यंत दाराशी उभी होते. टीसीने दोनदा विचारलं, "ताई, उतरायचं कुठे?"

याला डॉक्टर 'ऑगमेंटेशन' म्हणतात. औषधच दुखणं वाढवतं आणि आपण औषध वाढवत जातो. मला याच्यासाठी मराठी शब्द हवाय.

कोशात रमणारा:
'वृद्धी' सरळ अर्थ झाला, पण घरात वृद्धी म्हटलं की सोयर आठवतं.

बर्डीकर:
'उलटणे' कसं? आमच्याकडे टायफॉइड उलटतो.

रातजागी:
जवळ आलात, पण उलटलेला टायफॉइड म्हणजे गेलेला ताप परत आला. इथे दुखणं गेलंच नव्हतं. ते लवकर येतं, नव्या जागी पसरतं, आणि येतं ते औषधाच्या हातून. किल्लेदार फितावा तसं. सध्या मी मनात 'औषध फितलं' म्हणते.

पेठेतला:
'फितलं' झकास! पुण्याकडून मान्यता.

काउंटरवरून:
त्या गोळ्यांच्या बाबतीत आता मोठ्या डॉक्टरांचंही मत बदललंय. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या सूचनांमध्ये रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल सरसकट वापरू नका असं आहे, आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन व शरीरातलं लोह यांना पुढे आणलंय. फक्त कुणी हे वाचून गोळी एकदम बंद करू नका. एकदम सोडली तर आणखी हाल होतात.

रातजागी:
हो, मी ते हाल पाहिले आहेत. न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सोडली, तरी शेवटचे दहा दिवस मी पलंगावर जेमतेम पाठ टेकली असेल. आता संध्याकाळी प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम. सकाळी डोकं जड असतं आणि अंगावर चार किलो चढलेत. हे 'बाधणं' नव्हे, 'बाधणं' जास्त गंभीर. सासूबाईंच्या भाषेत "जरा नडते".

आणि लोह. माझं हिमोग्लोबिन १२.१, म्हणून कुणी पुढे पाहिलंच नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, काढलं तर १९ निघालं. या दुखण्यात ते ७५ च्या खाली असेल तर लोह देतात, हे मला कोण सांगणार? रिपोर्टवर १९ पुढे 'नॉर्मल' असंच छापलं होतं. 'नॉर्मल' याच्याइतका खोटारडा शब्द मी तरी पाहिला नाही. आधी गोळ्या घेतल्या, लिंबूपाण्याबरोबर. त्यासाठी जेवणानंतरचा चहा सोडला, आणि तेच सगळ्यात जड गेलं. मग शिरेतून लोह दिलं.

अजनीची सून:
मध्येच बोलते. माझ्या मामंजींचं डायलिसिस चालतं, आठवड्यातून दोनदा. खुर्चीवर चार तास बसवत नाही म्हणून सिस्टर ओरडतात, "काका, पाय हलवू नका!" आणि घरी आई ओरडतात, "बसल्याबसल्या पाय हलवू नये, दळिद्र येते." ते म्हणतात, "पायाले तलफ आली." खर्रा सोडलेला माणूस आहे, त्याला दुसरा शब्द कुठून सुचणार!

रातजागी:
ताई, 'तलफ' मला आजवरच्या सगळ्या शब्दांत जवळचा वाटला. मागणं आहे, ते अंगाचं आहे, मनाचं नाही, आणि दिलं की तेवढ्यापुरतं शमतं. एकच खोट आहे: तलफेला लोक व्यसन समजतात, आणि आम्हाला आधीच "जरा मनावर घ्या, शांत पडा" ऐकावं लागतं. किडनीच्या दुखण्यात हे बरंच दिसतं. तुमच्या डॉक्टरांना हाच शब्द वापरून सांगा, आणि फेरिटिनचंही विचारा.

कोशात रमणारा:
आता बरं आहे का तुम्हाला? म्हणजे, कोणता शब्द वापरायचा?

रातजागी:
'बरी झाले' नाही. 'गुण आला' एकदा म्हणून फसले. 'उतार' म्हणते. काल सासूबाईंनी सकाळी विचारलं, "किती वाजेलोक जागी होती?" मी सांगितलं, "साडेबारा." त्या म्हणाल्या, "परवा दीड होते," आणि चहा एकट्याच प्यायल्या.